दिलदाराचा हात आखडतो

रुग्णवाहिकेवरच्या या माणसाला सगळे दिलदार म्हणत, आणि ते उगाच नाही. पेशंटला ठेच लागलेली असो की घेरी आलेली, दिलदार आधी त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवायचा आणि सिलिंडरची चावी सढळ हाताने पूर्ण फिरवायचा. फुस्स आवाज आला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडे. पेशंटचं मत मास्कमुळे कधी ऐकू आलं नाही. थोरल्या भावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या आईला त्याने एकदा असंच नेलं होतं. त्यांना झालं होतं पित्त, पण भाऊजींनी आईला मरणाच्या दारातून आणलं, हे वहिनी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

मग त्याला प्रशिक्षणाला धाडलं. तिथे समजलं, की ऑक्सिजन हे औषध आहे. आधी बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचा, लागेल तेवढंच द्यायचं. सिगारेटने छाती कामातून गेलेल्यांना तर नव्वदच्या आसपास पुरे. जास्त झालं तर ते गुंगीत जातात आणि उठत नाहीत. दिलदार परत आला तो हात आखडूनच. लोक म्हणाले, चांगला माणूस होता, वरच्यांनी बिघडवला.

अशात एका दुपारी त्याच्या थोरल्या भावाला धाप लागली. दादाने आयुष्यभर सिगारेटशी इमान राखलं होतं. दिलदाराने नाकात नळी लावली, चावी जेमतेम उघडली. आकडा नव्वदवर स्थिरावला.

"शंभरातले नव्वदच?" वहिनीने विचारलं. सख्ख्या भावाच्या बाबतीतही काटकसर, हे ती डोळ्यांनी बोलली.

लिफ्ट बंद होती. दिलदार आणि ड्रायव्हर उचलखुर्ची आणायला खाली गेले, तर जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी कपाट आडवं टाकलेलं. ते हलवण्यात बराच वेळ गेला. वर आले तर वहिनी हसतमुख.

"बघा, नव्याण्णव. आणि किती शांत झोपलेत."

चावी पूर्ण फिरलेली होती. दिलदार धावला. त्याने चावी कमी केली, दादाला बसतं केलं, खांदा धरून गदागदा हलवलं, हाका मारल्या. दादाचं डोकं पुन्हा पुन्हा खाली पडत होतं. शेवटी एक डोळा किलकिला झाला.

"कमी का केलंस? हवा काय तुझ्या बापाची आहे?" सख्ख्या भावाने विचारलं.

"अजून बोल, दादा. थांबू नकोस."

दादाला आग्रह लागला नाही. रुग्णवाहिका दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने धाकट्याच्या लहानपणापासूनच्या सगळ्या चुका धापा टाकत काढल्या. जीभ जड झाली की दिलदार स्वतःच एखादी विसरलेली आठवून द्यायचा.

दवाखान्यात त्याने डॉक्टरांना घडलं ते सगळं सांगितलं. दादाला आत घेतल्यावर तो वहिनीकडे वळला. चावीला पुन्हा हात लावायचा नाही, हे तिला एकदाचं खडसावून सांगायचं होतं. तिने आधीच डोळे पुसत त्याचा हात धरला.

"तुम्हीच शिकवलंत, भाऊजी. आईच्या वेळी म्हणाला होतात, आपल्या माणसाला देताना हात आखडायचा नाही. म्हणून तर मला सुचलं."

दिलदार बाकावर बसला. आतून दादाचा आवाज येत होता. आता नर्सची पाळी होती. तो ऐकता ऐकता दिलदाराला रडू फुटलं.