बैकालचा वाटा

इनोकेंती सावेल्येविच म्हणजे बैकालच्या बर्फावरचं जुनं खोड. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर छावणी पडली की तार खाली-वर करणारी विंच चालवावी ती त्यानेच. काचेचे मोठाले गोळे, प्रत्येकात उजेड टिपणारा एक डोळा, असे तारेवर ओवून तो बर्फातल्या भोकातून खाली काळोखात सोडायचा. न्यूट्रिनो नावाच्या न दिसणाऱ्या कणांमुळे पाण्यात क्वचित निळसर चमक उठते, ती पकडायला. "मासा एक नाही आणि जाळं एवढं!" असं त्याचा कोळी बाप म्हणायचा.

सगळ्या गोळ्यांचे संदेश त्यांच्याबरोबरच पाण्यात सोडलेल्या एका धातूच्या पेटीत यायचे. ती पेटी झोया लुकिनिच्नाची. प्रत्येक जोडणी ती स्पिरिटने पुसायची आणि स्वतःच आवळायची. झोयाने जोडलंय म्हटलं की दुसरं कुणी तपासायला जात नसे.

पहिला गोळा उतरण्याआधी सरोवराला पेलाभर व्होडका वाहायची, हा तिथला रिवाज. यंदा ती बाटली इनोकेंतीने आदल्या संध्याकाळीच मित्रांबरोबर संपवली. बैकालला उपाशी ठेवायची छाती होईना. म्हणून त्याने झोयाच्या बाटलीतलं पेलाभर स्पिरिट भोकात ओतलं, तेवढंच पाणी बाटलीत भरलं आणि ती नेऊन तिच्या हातात दिली. स्पिरिट उडून जातं, पाणी गोठून बसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

थोड्याच दिवसांत अख्खी माळ आंधळी झाली. पेटी वर ओढली तर जोडणीत पाणी. पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याखाली बर्फाचा पापुद्रा धरला होता, तो खाली खोल पाण्यात वितळला आणि पाण्याला वाट मिळाली.

"झोया लुकिनिच्ना, वय झालं आता," छावणीप्रमुख गेनादी इल्यिच जेवताना म्हणाला. "पुढच्या वर्षी घरीच थांबा."

ती वाद घालेल असं इनोकेंतीला वाटलं होतं. ती नुसती आपल्या हातांकडे बघत बसली.

जेवण झाल्यावर तिने आपले लोकरी हातमोजे इनोकेंतीच्या मांडीवर ठेवले. ती त्याला केशा म्हणायची. "केशा, घे. विंचवर बोटं गारठतात तुझी. माझ्या हातांचा आता भरवसा नाही."

त्याला ते हातमोजे निखाऱ्यासारखे वाटले. "झोया, हात चांगलेच आहेत गं तुझे! बाटलीत मी पाणी घातलं होतं." आणि गेनादी इल्यिचसमोरच त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हातारा झालास की गाढव?" गेनादी इल्यिच कडाडला.

"दोन्ही," इनोकेंती म्हणाला. "पुढच्या वर्षी मला घरी ठेवा. तिला नको."

झोया रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातमोजे परत घेतले, एकेक बोट नीट घालत ती म्हणाली, "त्या दिवशी स्पिरिटचा वास पुरेसा आला नव्हता मला. म्हटलं, नाकही गेलं वाटतं. दुसरी बाटली उघडणारच होते."

"मग उघडली का नाहीस?"

"ही तू आणून दिली होतीस ना, केशा."