दोन सुपाऱ्यांचा पाहुणा

पाहुण्याची वाट पाहण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. फरक इतकाच, की त्यांचा पाहुणा म्हणजे दोन सुपाऱ्यांच्या वजनाचा, मातकट रंगाचा एक दुर्मिळ पक्षी, वटवट्या. हिवाळ्यात तो अकोटजवळच्या तलावाकाठी, बेशरमाच्या झुडपात उतरतो. मामा शाळेत विज्ञान शिकवायचे. आता रीतसर परवानगीने पक्षी जाळीत धरतात, पायात नंबरची बारीक कडी घालतात आणि सोडून देतात. दिवाळीनंतर ते कुणाच्या लग्नाला जात नाहीत. आमच्या वास्तुशांतीला आले ते केवळ ती मे महिन्यात होती म्हणून. पाहुणे तेव्हा उत्तरेला गेलेले असतात. मोबाईलसुद्धा ते मान दुखावणार नाही अशा बेताने, दोन बोटांत अलगद धरतात. जाळीतल्या प्रत्येक पक्ष्याला आधी विचारतात, "कवा निघाले? वाटेत तरास तं नाही झाला?" मी अमरावतीहून एसटीत उभ्याने आलो तरी मला हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

एकदा त्यांच्या कडीचा वटवट्या कझाकस्तानात सापडल्याचं पत्र आलं, तेव्हा लेक सुखरूप सासरी पोचल्यासारखे त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. उरला होता एकच ध्यास: तोच पक्षी दरसाल त्याच झुडपात परततो, हे सिद्ध व्हावं.

चार वर्षांपूर्वी, पायात कडी असलेला वटवट्या खरोखरच जाळीत आला. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून नंबर वाचायचं काम माझ्याकडे. माझा चष्मा अमरावतीला राहिला होता, आणि ते सांगायची मला लाज वाटली.

"वाचा ना जवाई, कावून थांबले? जीव घाबरून राहिला त्याचा."

मी पाच आकडे वाचले. त्यांतले दोन अंदाजाने. मामांनी मूठ उघडली.

मामांनी तो नंबर कड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवला. महिन्याभराने उत्तर आलं, की हा नंबर एका बदकाच्या पायात आहे. गल्लीतली मंडळी विचारायची, "मामा, बदक बेशरमात शिरलं कसं?" मामा म्हणायचे, "डोये गेले बाप्पा माहे." मी शेजारी बसून चहा पीत राहिलो.

या पौषात, जाळीपाशी बसलेलो असताना, चष्म्याचं एकदाचं सांगून टाकलं. मामांनी जाळीत अडकलेलं वाळकं पान अलगद सोडवलं.

"कडी पायाले घासत तं नव्हती?"

"नव्हती."

"मंग झालं. आलतं बिचारं."

त्यांनी जुनी वही काढली, तो नंबर खोडला आणि बाजूला लिहिलं, ‘कडी होती. वाचता आली नाही.’

"मी चुकीची वाचली असं लिहा ना, मामा."

"पाखरायच्या वहीत माणसायची नावं कायले?"

एवढासा जीव आणखी चार हिवाळे काढतो का, हे मी त्यांना विचारलं नाही. वही मिटून ते झुडपाकडे बघत राहिले. मीही.