सत्तारचं मौन

टण्ण... टण्ण... टण्ण... कापूस पिंजायच्या धनुकलीची ती तार आजही कानात वाजते. धाड गावातल्या आमच्या शाळेमागेच सत्तारच्या अब्बांचं पिंजायचं दुकान होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, आम्ही चौथीत. गुरुजींनी एक नेम घालून दिला होता... प्रार्थनेनंतर घंटा होईपर्यंत मौन. जो आठवडाभर ते पाळेल, त्याने शनिवारी सगळ्या शाळेपुढे कविता म्हणायची. त्या कवितेसाठी मी आणि सत्तार, दोघंही झुरत होतो.

शनिवारी गुरुजींची एक चूक झाली. घंटा व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आठवडाभर कोण बोललं नाही?"

"मी, गुरुजी!" सत्तार ताडकन उभा राहिला.

"मोडलं बे, मोडलं!" सगळा वर्ग खिदळला.

गुरुजीच पेचात पडले. न बोलणाऱ्याने ते सांगायचं तरी कसं? नेमात त्याला उत्तरच नव्हतं. "याच्या बाजूनं कोणी सांगेल का?" त्यांनी विचारलं.

मी सत्तारच्या शेजारीच बसायचो. तोवर त्याने अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण सांगितलं तर माझंही मौन मोडणार... मी गप्प राहिलो. अख्ख्या वर्गात न बोललेला मी एकटा उरलो, आणि कविता मला मिळाली.

ती म्हणताना मागे तार वाजत होती. सत्तार मान खाली घालून बसला होता.

परवा फिजिक्स शिकणारी नात सांगत होती, "आबा, इलेक्ट्रॉन मोजायला गेलं ना, की मोजण्यानंच तो बदलतो. आणि गणितात काही गोष्टी खऱ्या असतात, पण त्याच गणिताच्या नियमांनी सिद्ध होत नाहीत." माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, आबांना काही कळलंच नाही...

काल सकाळी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. 'गुरुजींनी विचारेपर्यंत सत्तार बोलला नव्हता. मी साक्षीदार आहे.' सत्तार ग्रुपवर नाही; तो कुठे असतो, हेही मला माहीत नव्हतं. पण काही खरेपणाला नियम पुरत नाहीत, शेजारचा माणूस लागतो... एवढं कळायला म्हातारपण यावं लागलं.

आज दुपारी दार वाजलं. उघडलं, तर पांढऱ्या दाढीचा एक माणूस काठी टेकून उभा. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर कोणीतरी पुढे पाठवलेला माझाच मेसेज, खाली माझा पत्ता.

"काऊन बे, साठ वर्सं लागले तुले तोंड उघडाले? सरक आता... कविता मले म्हनू दे."