अप्पांचा फोन

लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि घरातला एकुलता एक फोन अप्पांचा. मग अप्पा रोज तो भाग्यश्रीसाठी खिडकीत, रेंज येते तिथं ठेवून भोसरीतल्या वर्कशॉपला जायचे. ॲम्ब्युलन्स न्यायला आली त्या सकाळीही त्यांनी सवयीनं तो तिथंच ठेवला. धापा टाकत म्हणाले, "तास बुडवू नको गं."

गाडी वळल्यावर आई म्हणाली, "पोचल्यावर फोन लाव त्यांना." भाग्यश्रीनं हातातल्या फोनकडे पाहिलं.

कोविड सेंटरच्या नंबरवर नुसती रिंग वाजायची. जाऊन विचारावं, तर गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले. करायचं काय माणसानं? तास चालू होता म्हणून ती तासाला बसली.

त्या दिवशी नव्या बाई पडद्यावरची नावं वाचून हजेरी घेत होत्या. फोन ज्याचा, त्याचंच नाव तिथं दिसायचं.

"ज्ञानदेव साळवे?"

स्टोपाशी बसलेल्या आईनं दचकून मान वर केली.

"ज्ञानदेव, ऐकू येतंय का? अरे, बोल ना!"

भाग्यश्रीनं माइक चालू केला, आईकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केला.

"ज्ञानदेव नाही," म्हणत बाईंनी पुढचं नाव घेतलं.