पुरा कोयता

नांदूरघाटच्या विजयमालाचे पुढचे दोन दात नाहीत. ते तिच्या नवऱ्याने, हनुमानने, चुलीच्या लोखंडी फुकणीने पाडले. गावाला मात्र म्हण आयतीच सापडली होती: आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. पारावर बसून हसणाऱ्यांचा मला अजून संताप येतो. त्यांच्यातले निम्मे संध्याकाळी हनुमान प्यायचा त्याच देशीच्या दुकानात असायचे.

सासू छबुबाई सुनेच्या जखमेत हळद भरायची आणि म्हणायची, "दारू मारती गं, माझं लेकरू न्हाई." विजयमालालाही ते खरं वाटायचं.

मागच्या हंगामात दोघं ऊसतोडीला गेली. उसाच्या फडात पिऊन आलेल्या हनुमानने तिच्यावर कोयता उगारला. मान वाचली, खांदा फाटला. घरी आल्यावर ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, औंदा मी ह्याच्यासंगं जानार न्हाई. जीव घील ह्यो."

पण न जाऊन खाणार काय? ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला अर्जुनराव मुकादम ट्रकला हात लावू देत नसे.

दसऱ्याच्या तोंडावर, गांधी जयंतीला देशीचं दुकान बंद होतं. भरदुपारी हनुमान घरी आला तो थरथरत, घामाने निथळत. विजयमाला भाकरी थापत होती. तोडीला येणार नाही, असं तिने सांगून टाकलं. त्याने तिचे केस धरले आणि डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. मग पोटात लाथ घातली, मग आणखी एक. तवा उलथला. कपाळाचं रक्त पिठात गळायला लागलं.

छबुबाई मधे पडली. लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून तिने वास घेतला. नुसत्या बिडीचा होता. तिने पुन्हा घेतला.

"आज तर तू प्याला न्हाईस," ती म्हणाली. "मग मारतंय कोन रे?"

त्याने आईला भिंतीवर ढकललं आणि बायकोचा गळा धरला. तेव्हा म्हातारीने फुकणी उचलली, दात पाडणारी तीच, आणि लेकाच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. तो गुरासारखा ओरडला, तरी ती रडत रडत मारतच राहिली. शेवटी सुनेनेच तिचा हात धरला.

"आत्याबाई, बास. मरंल त्यो."

दसरा झाला, ट्रक आला. हनुमान हात गळ्यात बांधून ओट्यावर पडला होता.

"अर्धा कोयता मी घेत न्हाई," मुकादम म्हणाला.

"पुरा हाय," छबुबाई म्हणाली. "सासू-सून, एक कोयता."

मुकादम हसला. "ह्या वयात डोक्यावर मोळी झेपंल का तुमाला?"

"पिऊन पडल्याला लेक रोज रस्त्यावरून उचलून आनला म्या. मोळी काय त्याच्याहून जड हाय?"

मुकादमाचं हसू गेलं. विजयमाला आधीच ट्रकवर चढली होती. तिने वाकून सासूला हात दिला.