एसीनांची पंगत आणि बोंबलाचं लोणचं

शारजात अल मजाजच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघे राहायचो. त्यातला वसईचा कॅथलिक जेवताना हटकून एसीन पंथावर यायचा. "येशूच्या काळातले हे ज्यू मृत समुद्राकाठी राहायचे. कमाई एकत्र, पंगत एकत्र. आमच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचंही तेच. येशू त्यांच्यातला होता असं मी म्हणत नाही हं, पण पंगत बघ ना!" एवढं बोलून तो आईने दिलेली बोंबलाच्या लोणच्याची बरणी घट्ट बंद करून पलंगाखाली सारायचा.

एकदा मी बरणीकडे बोट दाखवलं.

"हबीबी, एसीन नव्या माणसाला वर्षभर पारखायचे, मगच पंगतीत घ्यायचे."

"मला इथे येऊन तीन वर्षं झाली."

"माझी पारख जरा सावकाश चालते."

पुढे माझी नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला. निघायच्या सकाळी त्याने ती बरणी माझ्या बॅगेत कोंबली. "खलास. आजपासून तू आमच्यातला."

मी दाराबाहेर लिफ्टची वाट बघत होतो. आत तो माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाला सांगत होता, "लोणचं नाही रे आपल्याकडे. पण बस, एसीन लोक सगळं कसं वाटून खायचे ते सांगतो."