आईने बाजूला ठेवलेल्या गोळ्या

बालाघाटात दवाखाना चालवायचा तर डोकं शांत ठेवावं लागतं, आणि ते काही माझ्याच्यानं होत नाही. अँटिबायोटिक अर्धवट सोडून आलेला पेशंट दिसला की माझं टाळकंच सरकतं. भरवेलीचा असो की किरनापूरचा, हिंदीत सुरू झालेलं माझं रागावणं मराठीत येऊन संपतं. घरी आले की तेच गाऱ्हाणं आईपुढे. ती बिचारी भाजी निवडत ऐकून घेते.

गेल्या हिवाळ्यात तिलाच लघवीला जळजळ सुरू झाली, वर थंडी वाजून ताप. लघवी तपासायला पाठवली. त्या जंतूवर कोणतं औषध चालेल हे सांगणारा रिपोर्ट लगेच येत नाही. तोवर पहिलं औषध अंदाजानंच निवडायचं. म्हणून आधी विचारायचं असतं, एवढ्यात कोणतं अँटिबायोटिक घेतलं होतं का? नुकतंच घेतलेलं पुन्हा लागू पडेल याचा भरवसा नसतो. आई म्हणाली, काहीच नाही. मी नेहमीची गोळी सुरू केली.

ताप उतरेना. कंबर दुखायला लागली, आई असंबद्ध बोलायला लागली. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. लोकांच्या आयांना मी किती सहज हात लावते. तिच्या कपाळाला लावताना मात्र मला रडू आवरेना. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, माझी गोळी त्या जंतूवर चालतच नव्हती. लगेच शिरेतून दुसरं औषध लावलं.

ताप उतरला, ती शुद्धीत बोलू लागली, तसं मी पुन्हा विचारलं, जरा दरडावूनच. तेव्हा उलगडलं. दिवाळीच्या सुमारास असंच झालं होतं. मी थकून येते म्हणून तिनं मला न सांगता मेडिकलमधून हीच गोळी आणली होती. बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या रुमालात बांधून देवघराच्या खणात ठेवल्या होत्या. इथं घरोघरी असंच करतात. तरीही मी चिडून विचारलं, काहून ठेवल्या?

"तुह्यासाठी वं. दिवसभर आजारी माणसांत बसते तू. तुले ताप आला तं कोन पाहीन तुले?"

पेशंटांवर निघतो तो राग कुठल्या कुठे गेला. सुई लावलेला तिचा हात मी धरून बसले.

"तूच पाह्यशील," मी म्हटलं. "म्हणून या वेळी औषध पुरं घे."